महर्षी अण्णासाहेब कर्वे : ध्येय आणि त्याची फेरतपासणी

ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करताना पुढे कोण होणार, हा प्रश्न आपण वडीलधारी मंडळी त्यांना हटकून विचारतो. दिलेले उत्तर काही वर्षांनी पुन्हा पारखून पाहा, असे मात्र सहसा कोणी सांगत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ही पारख जन्मभर केली. म्हणून त्यांचे चरित्र या दृष्टीने सांगावे, असे आम्हांस वाटले.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली या गावी झाला. बालपण मुरूडास गेले. घरची स्थिती बेताचीच होती. सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा उतरावी, म्हणजे शिक्षकाची नोकरी मिळेल, एवढेच त्या मुलाचे पहिले ध्येय होते. त्यासाठी तो सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. परंतु वयाने लहान दिसतो म्हणून त्यास परीक्षेस बसू दिले नाही. पुढे कोल्हापूर केंद्रातून ती परीक्षा त्याने दिली आणि तो उत्तीर्ण झाला. मात्र हाती आलेल्या यशावर तो थांबला नाही. इंग्रजी शिक्षणाची वाट धरून १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने मॅट्रिक केले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन पदवी मिळविली. उशीर झाला, ही सबब त्याने कधी पुढे केली नाही.

मुंबईत काही वर्षे अध्यापन केल्यावर १८९१ साली अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. संसारी माणसास याहून अधिक काय हवे? पण त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुनश्च विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा निश्चय करून १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील गोदूबाईंशी विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या वृद्ध मातेसही त्याची झळ पोहोचली. हा बहिष्कार परक्यांनी घातलेला नव्हता. तो आपल्याच मंडळींनी घातला होता, हे आम्ही विसरू नये.

त्याच वर्षी अण्णांनी विधवाविवाहास उत्तेजन देणारी मंडळी स्थापिली. परंतु अनुभवाने त्यांस असे आढळले की, विवाहाचा मार्ग थोड्याच स्त्रियांस लाभावयाचा. स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण पुष्कळांच्या उपयोगी पडेल. तेव्हा १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुनर्विवाहाच्या चळवळीपासून तो अलिप्त ठेवला. स्वतः विधवाविवाह केलेल्या गृहस्थाने असे करावे, हे काही सुधारकांस रुचले नाही. सनातनी रुष्ट होतेच. आता स्नेहीही नाराज झाले. तरीही पूर्वीच्या उद्देशास चिकटून राहण्याचा हट्ट अण्णांनी धरला नाही. आश्रम हिंगण्यास गेल्यावर कॉलेजातील काम संपवून ते चिखलपाण्यातून पायी तिकडे जात. १९०७ साली त्यांनी महिला विद्यालय काढले, तेव्हा हेतू आणखी विस्तारला.

१९१४ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. साधारण मनुष्य या वयात विश्रांतीचा विचार करतो. अण्णांच्या वाचनात जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती आली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. तेथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लक्ष रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९५८ साली त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

यातील एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेविली आहे. १९४४ साली अण्णांनी जातिभेद नाहीसा व्हावा या हेतूने समता संघ स्थापन केला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो; परंतु ते गाळून अण्णांचा गौरव करणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा वाळीत टाकण्यासारखे होईल. विद्यार्थ्यांनी आणि नोकरीधंद्यात असलेल्या तरुणांनी दर काही वर्षांनी स्वतःस विचारावे : आपण जे ठरविले, ते कोणाच्या उपयोगी पडत आहे? अधिक उपयोगाचा मार्ग दिसला, तर तो धरण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे काय? हाच प्रश्न आपल्या संस्थेनेही स्वतःस विचारावा, अशी आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.