बेंझीनचा षटकोन मोजणाऱ्या कॅथलीन लॉन्सडेल

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बेंझीनचा षटकोन असतो आणि त्याच्या पोटात एक वर्तुळ काढलेले असते. आपल्या शाळेतून विज्ञान शाखेकडे गेलेल्या प्रत्येकाने ती आकृती वहीत गिरविली आहे. तो षटकोन सपाट आहे व त्याच्या सहाही बाजू सारख्या आहेत, हे प्रत्यक्ष मोजून दाखविणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र त्या पानावर सहसा आढळत नाही. म्हणून तिचे चरित्र आम्ही या स्मरणिकेत देत आहोत.

कॅथलीन यार्डली यांचा जन्म २८ जानेवारी १९०३ रोजी आयर्लंडमधील न्यूब्रिज येथे झाला. दहा भावंडांत त्या शेंडेफळ. त्यांपैकी चार भाऊ तान्हेपणीच दगावले. वडील पोस्टमास्तर होते, पण व्यसनी. अखेर १९०८ मध्ये आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. थोरल्या भावंडांना शिक्षण सोडून कामाला लागावे लागले. कॅथलीन यांना शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्या शिकू शकल्या. मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र व उच्च गणित शिकविण्याची सोय नव्हती, तेव्हा त्या विषयांसाठी त्या मुलांच्या शाळेत जात. वर्गात मुलगी एकटीच. सोळाव्या वर्षी त्या लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात दाखल झाल्या. १९२२ च्या पदवी परीक्षेत त्यांचे गुण पाहून परीक्षकांपैकी एक असलेले विल्यम हेन्री ब्रॅग यांनी त्यांना आपल्या संशोधनगटात बोलावून घेतले.

१९२७ मध्ये थॉमस लॉन्सडेल यांच्याशी विवाह झाल्यावर त्या लीड्सला गेल्या. संशोधन सोडून संसार करावा, असा विचार त्यांच्या मनात आला होता. आपण फुकटची घरकामवाली मिळावी म्हणून लग्न केलेले नाही, अशा अर्थाचे उत्तर पतीने दिले आणि तो विषय तेथेच संपला. असा जोडीदार त्या काळी किती जणींच्या वाट्याला आला असेल, हा प्रश्न आम्हांस पडतोच.

लीड्सच्या त्या प्रयोगशाळेतच बेंझीनचे कोडे सुटले. केकुले यांनी १८६५ मध्ये सहा कार्बन अणूंचे कडे कल्पिले होते व त्यात एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने मांडले होते. एकेरी बंध लांब असतो, सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम, दुहेरी आखूड, सुमारे १.३४. केकुले यांचे चित्र शब्दशः खरे असते, तर षटकोनाच्या बाजू एकाआड एक लहानमोठ्या निघाल्या असत्या. दुसरा वाद आकाराचा होता. हिऱ्यातील कार्बनची कडी वरखाली दुमडलेली असतात. बेंझीनचे कडेही तसेच असावे, असे अनेकांना वाटे. खुद्द ब्रॅग यांची मांडणीही त्याच बाजूला झुकणारी होती.

बेंझीन साध्या तापमानाला द्रवरूप असते आणि क्ष-किरणांनी रचना शोधायची तर स्फटिक हवा. म्हणून त्यांनी हेक्सामेथिलबेंझीन हा घनपदार्थ निवडला. त्याचे स्फटिक त्यांना रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर इंगोल्ड यांच्याकडून मिळाले. या स्फटिकाच्या प्रत्येक एकक पेटीत एकच रेणू असतो, त्यामुळे मांडणी उलगडणे सुकर झाले. सुकर म्हणजे सोपे नव्हे! स्फटिकावरून परावर्तित झालेल्या प्रत्येक किरणाची तीव्रता मोजायची आणि त्यावरून अणूंच्या जागा ठरवायच्या. संगणक नव्हता, सारी आकडेमोड हाताने. १९२९ मध्ये सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. कडे सपाट होते आणि मोजमापाच्या मर्यादेत सहाही बाजू सारख्या होत्या, एकेरीहून आखूड व दुहेरीहून लांब. गुरूच्या कल्पनेविरुद्ध निष्कर्ष निघाला, तरी गुरूने तो आनंदाने स्वीकारला. हा मोठेपणा दोघांचाही होय.

त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी झाली. पुढे आणखी दोन अपत्ये झाली. घरकामाला मदतनीस ठेवता यावी म्हणून ब्रॅग यांनी निधी मिळवून दिला, आणि आकडेमोड घरी चालू राहिली. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी स्फटिकांचे चुंबकीय गुणधर्म मोजले. बेंझीनवर्गीय रेणूंतील काही इलेक्ट्रॉन एकाच बंधात अडकून न राहता सबंध कड्यावर वावरतात, याला त्यातून पुष्टी मिळाली. पाठ्यपुस्तकातील वर्तुळाचा अर्थ तोच. या विषयावरील १९३६ चा एक निबंध त्यांनी भारतीय शास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांच्यासमवेत लिहिला आहे.

१९३५ मध्ये पतीपत्नी युद्धविरोधी क्वेकर पंथात सामील झाली. महायुद्धात नागरी संरक्षणासाठी नावनोंदणी सक्तीची झाली. लहान मुलांची आई म्हणून त्यांना सूट सहज मिळाली असती. पण युद्धासाठी नाव नोंदविणेच त्यांना मान्य नव्हते. दोन पौंड दंड झाला, तोही त्यांनी भरला नाही. १९४३ मध्ये त्यांनी हॉलोवे तुरुंगात एक महिना काढला. तेथे फरशी पुसणे वगैरे कामे आटोपून उरलेल्या वेळात त्यांचा अभ्यास चाले. सुटकेनंतर तुरुंगसुधारणा हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. स्त्रियांच्या तुरुंगाला त्या देखरेख मंडळाच्या सदस्य म्हणून नियमित भेट देत.

तुरुंगवासानंतर दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून निवडले. त्या दोघींपैकी एक कॅथलीन लॉन्सडेल, दुसऱ्या मार्जरी स्टीफन्सन. १९४९ मध्ये त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाल्या. १९५६ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. राजवाड्यावर जाताना घातलेली टोपी त्यांनी लेस, पुठ्ठा आणि फीत जोडून घरीच तयार केली होती.

अशनीत सापडलेल्या षटकोनी रचनेच्या हिऱ्याला १९६७ मध्ये लॉन्सडेलाइट असे नाव देण्यात आले. १ एप्रिल १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.