विश्लेषण : समोरच्या काचेला तडा असताना गाडी कशी धुवावी? फुटूनही न विखुरणारी काच देणाऱ्या चित्रकाराची कहाणी

नाशिकहून कसारा घाटाकडे निघालेली गाडी असो किंवा मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे जाणारी, पुढच्या डंपरमधून उडालेला खडीचा एक तुकडा समोरच्या काचेवर टवका पाडायला पुरेसा असतो. काच फुटते, पण खाली पडत नाही. मग गाडी नेहमीप्रमाणे वॉशिंग सेंटरवर जाते आणि बोटभर टवक्याचा हातभर तडा होऊन परत येते. असे का होते, हे कळण्यासाठी ही काच घडली कशी ते पाहावे लागते. तिच्यामागे पॅरिसचा एक चित्रकार आहे. त्याचे नाव एदुआर बेनेडिक्टस.

कोण होते बेनेडिक्टस?

बेनेडिक्टस यांचा जन्म १८७८ मध्ये पॅरिसमध्ये झाला. चित्रकला, कापडावरील आणि गालिच्यांवरील नक्षीकाम, संगीत, लेखन अशा अनेक क्षेत्रांत त्यांचा वावर होता. संगीतकार मोरिस रावेल यांच्या मित्रमंडळातही ते होते. रंगांचा अभ्यास करता करता रसायनशास्त्राकडे वळलेल्या या कलावंताने स्वतःची प्रयोगशाळाही थाटली होती. जगाला त्यांची खरी ओळख झाली ती या प्रयोगशाळेतील एका अपघातामुळे.

चंबू पडला, पण विखुरला का नाही?

प्रचलित हकिगतीनुसार १९०३ मध्ये फळीवरचा काचेचा चंबू त्यांच्या हातून निसटून जमिनीवर पडला. त्याला असंख्य तडे गेले, पण तुकडे एकमेकांना धरून राहिले. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते सुकून आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार झाला होता. त्यानेच काच धरून ठेवली होती. त्या काळच्या चित्रपटाच्या फितीही याच पदार्थाच्या असत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये प्रदर्शित केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फितीवर चित्रित झाला होता.

त्या वेळच्या मोटारींना साधी काच असे. किरकोळ धडकेतही तिचे धारदार तुकडे प्रवाशांच्या चेहऱ्यात आणि गळ्यात घुसत. अशा अपघातांच्या बातम्या वाचताना बेनेडिक्टस यांना तो चंबू आठवला, असे सांगितले जाते. त्यांनी दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा थर बसवून पाहिला आणि १९०९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. थर तीन, म्हणून नाव पडले ‘ट्रिप्लेक्स’.

मोटारींपर्यंत पोहोचायला उशीर का झाला?

ही काच महाग होती, त्यामुळे मोटार कंपन्यांनी सुरुवातीला फारसा उत्साह दाखवला नाही. तिचा मोठा वापर झाला तो पहिल्या महायुद्धात, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांवरील काचांसाठी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीला सुरक्षा काच आली आणि चित्र बदलू लागले.

मूळ काचेत दोष होते. मधला थर उन्हाने पिवळा पडे. कडेने ओलावा शिरला की थर सुटू लागत, म्हणून कडा बंद कराव्या लागत. या काचेचे पाण्याशी असलेले वैर असे जन्मापासूनचे आहे. बेनेडिक्टस स्वतः पुढे नक्षीकामातच अधिक रमले. १९२५ च्या पॅरिसमधील प्रसिद्ध सजावट कला प्रदर्शनात त्यांचे काम होते. जानेवारी १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ते गेल्यानंतर काही वर्षांतच मधल्या थरासाठी पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हे अधिक टिकाऊ, लवचीक प्लास्टिक आले. आजच्या गाड्यांत तेच असते. साधारण २ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये पाऊण मिमीचा हा थर, अशी समोरच्या काचेची रचना असते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरची काच अशी थरांची असणे बंधनकारक आहे.

मग धुताना तडा का वाढतो?

बेनेडिक्टस यांनी काच न फुटण्याची सोय केली नव्हती. फुटल्यावर ती माणसाला कापणार नाही, एवढीच सोय केली होती. खडीचा मार बहुधा बाहेरच्या थरालाच लागतो. आतला थर आणि प्लास्टिक शाबूत असते, त्यामुळे काच धड वाटते. पण तड्याच्या टोकाशी ताण एकवटलेला असतो. इंग्रज अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये याचे गणित मांडले. धुताना त्या टोकावर तीन गोष्टींचा मारा होतो.

पहिली, तापमान. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या काचेवर बोअरवेलचे गार पाणी पडले की बाहेरचा थर झटकन आकुंचन पावतो, आतला गरमच राहतो. निफाडच्या थंडीत पहाटे काचेवर गरम पाणी ओतल्यास उलटे घडते. दोन्ही वेळा तडा सरकू शकतो.

दुसरी, दाब. प्रेशर वॉशरमधील दाब १०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. कारच्या टायरमधील हवेच्या तो चाळीस-पन्नास पट होतो.

तिसरी, खुद्द पाणी. ताणाखाली असलेल्या तड्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू काचेतील बंध तोडायला मदत करतात. शिवाय शाम्पू आणि माती टवक्यात बसली की नंतर भरलेले रेझिन नीट धरत नाही आणि डाग कायम राहतो.

सुरक्षितपणे कसे धुवावे?

टवका दुरुस्त करायचा असेल तर आधी दुरुस्ती, मग धुलाई हा क्रम ठेवावा. साधारण नाण्याएवढा, चालकाच्या थेट नजरेसमोर नसलेला आणि कडेपासून दूर असलेला टवका बहुधा भरता येतो. तोवर कोरड्या टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी.

धुणे भागच असेल तर गाडी सावलीत उभी करून काच निवू द्यावी. बादलीतले साधे पाणी वापरावे. प्रेशर वॉशर आणि फिरत्या ब्रशची स्वयंचलित धुलाई टाळावी. वॉशिंग सेंटरवर गाडी देताना तडा बोट ठेवून दाखवावा आणि समोरच्या काचेवर फवारा मारू नका, असे स्पष्ट सांगावे. काच ओल्या मऊ कापडाने, न दाबता पुसावी. टवक्यावर घासू नये, वायपर चालवू नये. काच धुऊन लगेच एसीची गार किंवा गरम हवा तिच्यावर सोडू नये. दारे आपटल्यास आतल्या हवेचा धक्का काचेला बसतो, म्हणून एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी.

कधी धुवूच नये?

तडा कडेपर्यंत पोहोचला असेल, काच आत दबली असेल, आतून बोट फिरवल्यावर खरखर लागत असेल किंवा पाणी आत झिरपत असेल, तर गाडी धुवायला नव्हे, काच बदलायला न्यावी. समोरची काच सांगाड्याला चिकटवलेली असते. उलटलेल्या गाडीत छताला आणि अनेक गाड्यांत उघडणाऱ्या एअरबॅगला ती आधार देते. नवी काच बसवल्यावर चिकटद्रव्य पक्के होईपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन दिवस, प्रेशर वॉशिंग टाळावे. नेमकी मुदत काच बसवणाऱ्याकडून विचारून घ्यावी.

बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत थरांच्या नसतात. त्या टफन्ड असतात आणि फुटल्या की त्यांचे दाण्यांसारखे तुकडे होतात. अशी काच फुटल्यास पाणी मारू नये, कारण तुकडे दाराच्या खाचेत आणि सीटखाली वाहून जातात. हातमोजे घालून मोठे तुकडे उचलावेत, उरलेले व्हॅक्यूमने काढावेत, उघडी जागा प्लास्टिकने झाकावी आणि काच बसवल्यावरच गाडी धुवावी.