डोरोथी डे : लेकीची वाट पाहणारी आई



घरभेटीला गेलो की हल्ली एक गोष्ट आमच्या कानी वारंवार येते. मुलगी हुशार आहे, शिकली, नोकरीला लागली. पण रविवारी मिस्साला यायला तयार नाही. संध्याकाळी जपमाळेला बसत नाही. काही म्हटले तर उलट प्रश्न विचारते. हे सांगताना आईचा आवाज खाली येतो आणि वडील दुसरीकडे पाहू लागतात. आमचे काय चुकले, ही एकच खंत दोघांच्या चेहऱ्यावर असते. अशा आईवडिलांसाठी आज आम्ही एका आईची जीवनकथा सांगणार आहोत. तिचे नाव डोरोथी डे.

डोरोथी यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1897 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील वृत्तपत्रात क्रीडालेखन करीत. घरात धर्माचे वातावरण बेताचेच होते. विद्यापीठात गेल्यावर, गरिबांचे हाल पाहून त्यांनी धर्माकडे पाठ फिरवली आणि समाजवादी वृत्तपत्रांत लिहू लागल्या. पुढची काही वर्षे फार भरकटलेली गेली. एका प्रेमसंबंधातून दिवस गेले असता त्यांनी गर्भपातही करून घेतला. त्या दुःखाचे ओझे त्यांनी जन्मभर वाहिले. आपल्याला आता मूल होणार नाही, असे त्या धरून चालल्या होत्या.

पुढे स्टेटन बेटावर समुद्रकाठच्या एका लहानशा घरात त्या फॉर्स्टर बॅटरहॅम यांच्यासोबत राहू लागल्या. 1926 च्या मार्च महिन्यात त्यांना मुलगी झाली. तिचे नाव तामार तेरेझा. या बाळाच्या आनंदाने डोरोथी इतक्या भारावल्या की आभार कोणाचे मानावेत, हा प्रश्न त्यांना पडला. त्या प्रार्थना करू लागल्या. जवळच्या एका सिस्टरांकडून त्यांनी धर्मशिक्षण घेतले. 1927 साली आधी तामारचा आणि मग 28 डिसेंबरला स्वतः डोरोथी यांचा स्नानसंस्कार झाला. फॉर्स्टर यांना धर्म आणि विवाहबंधन दोन्ही मान्य नव्हते. त्यामुळे डोरोथी यांना त्यांच्यापासून वेगळे व्हावे लागले. ज्या लेकीमुळे त्यांना श्रद्धा लाभली, तिला त्यांनी एकटीने वाढवले.

1 मे 1933 रोजी पीटर मॉरिन यांच्या साथीने डोरोथी यांनी ‘कॅथलिक वर्कर’ हे वृत्तपत्र सुरू केले. किंमत फक्त एक सेंट. काही वर्षांतच त्याचा खप लाखावर गेला. त्यासोबत बेघरांसाठी घरे उघडली आणि भुकेल्यांसाठी सूप व पाव वाटले जाऊ लागले. तामार अशाच एका घरात, अनोळखी माणसांच्या गर्दीत वाढली. आई सतत व्याख्यानांसाठी प्रवासात असे, तेव्हा तिला कोणाकोणाकडे राहावे लागे. 1940 च्या सुमारास कडक तपस्येवर भर देणाऱ्या साधनासत्रांचा डोरोथी यांच्यावर मोठा प्रभाव पडला आणि त्याची झळ लेकीलाही लागली. तामारचा जीव बागेत, विणकामात, जनावरांत रमे. 1943 साली डोरोथी यांनी कामातून वर्षभर रजा घेतली आणि त्या लेकीच्या शाळेजवळ राहायला गेल्या. आपल्याकडून काहीतरी सुटते आहे, हे त्या आईच्या लक्षात आले असावे.

अठरा वर्षांची होताच 1944 साली तामारने डेव्हिड हेनेसी यांच्याशी विवाह केला. नऊ मुले झाली. गरिबी सोबतीला होतीच. 1960 नंतर पती घर सोडून गेले. त्याच काळात तामारने चर्चला जाणे थांबवले. पुढे तिची बरीच मुलेही दूर गेली.

विचार करा. जिच्या लेखणीने हजारो माणसे प्रभूकडे वळली, तिच्याच घरात हे घडले. 1970 साली डोरोथी कोलकात्याला आल्या, तेव्हा मदर तेरेझांनी आपल्या सिस्टर लावतात तो क्रूस त्यांच्या अंगावर लावला. जग त्यांना असा मान देत असताना घरी लेक मिस्साला जात नव्हती. डोरोथी यांना ते फार लागले. त्या स्वतःला दोष देत. परंतु त्यांनी लेकीशी नाते तोडले नाही. व्हर्माँटमधील तिच्या घरी त्या पुन्हा पुन्हा जात, मुक्काम करीत, नातवंडे सांभाळीत, लेकीच्या विणकामाचे आणि बागेचे कौतुक करीत. पत्रे लिहीत. रोजच्या मिस्सात आणि जपमाळेत तिचे नाव घेत. स्वतः एकेकाळी देवाला नाकारले होते, याचा त्यांना विसर पडला नाही.

29 नोव्हेंबर 1980 रोजी डोरोथी यांनी न्यूयॉर्कमध्ये प्राण सोडला. त्या वेळी उशाशी तामार होती. आईच्या हयातीत ती चर्चला परतली नाही. पण आईला ती अंतरली नाही. तामार 2008 साली वारली. तिच्या अंतःकरणात काय होते, ते देवच जाणतो. ख्रिस्तसभेने 2000 साली डोरोथी यांना ‘ईशसेविका’ म्हणून मान्यता दिली. लेक दूर गेली म्हणून आईची श्रद्धा खोटी ठरली नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक गोष्ट आमच्या मनावर ठसली. संत थॉमस अक्वायनस आपल्या महाग्रंथात प्रत्येक मुद्द्याची सुरुवात विरोधी आक्षेपांनी करतात. आधी समोरच्याचे म्हणणे नीट मांडतात, मग उत्तर देतात. श्रद्धेविषयी प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेचा त्याग नव्हे. पुष्कळदा ती मुलगी अजून देवाशी बोलत असते, फक्त आवाज चढलेला असतो.

तेव्हा आईबापांनो, लेकीचे आधी पूर्ण ऐकून घ्या. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा. त्यात कमीपणा नाही. जेवणाच्या ताटावर टोमणे नकोत, शेजाऱ्यांपुढे रडगाणे नको. ‘लोक काय म्हणतील’ हे मिस्साला येण्याचे कारण होऊ शकत नाही. आपण मात्र आपली प्रार्थना सोडू नका. तिला बोलावत राहा, पण ओढू नका. आणि आमचे दार ठोठवा. तिला उपदेश ऐकायला नको, नुसते बोलायला पाठवा. ती आली नाही, तर तुम्ही या. आम्हीही तुमच्यासोबत वाट पाहू.

पवित्र मरियेलाही आपला बारा वर्षांचा पुत्र तीन दिवस शोधावा लागला होता. ती माउली आपल्या सर्व आईवडिलांना धीर देवो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू