चार्ल्स डिकन्स : न सांगितलेले बालपण

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजी साहित्य म्हटले की माझ्या मनात आधी धडकीच भरे. प्रथम वर्षाला असताना इंग्रजीच्या सरांनी एकदा ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ या कादंबरीची गोष्ट वर्गात सांगितली. वखारीत बाटल्या धुणाऱ्या लहानग्या डेव्हिडचा प्रसंग आला, तेव्हा सर सहज सांगून गेले की, हा डेव्हिड म्हणजे बराचसा लेखक स्वतःच आहे. त्या दिवशी पुढच्या तासाला माझे लक्ष लागले नाही. तास संपताच ग्रंथालयात जाऊन मी डिकन्सचे चरित्र मागितले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला मला दोन महिने लागले. त्यातून जे हाती आले, ते माझ्या अल्प मतीप्रमाणे येथे मांडत आहे. ते मांडावेसे का वाटले, हे शेवटी सांगेन.

चार्ल्स डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्समथ या बंदराच्या गावी झाला. वडील जॉन डिकन्स आरमाराच्या पगार-कचेरीत कारकून होते. मिळकत वाईट नव्हती. पण हात सढळ आणि हिशेब कच्चा! पुढे चॅटम येथे बदली झाली आणि तेथली पाच वर्षे चार्ल्सच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची ठरली. तो अंगाने किरकोळ होता. कुशीत मधूनच कळ उठे, म्हणून मैदानी खेळांपेक्षा तो पुस्तकांत रमे. वडिलांचे बोट धरून फिरायला जाताना टेकडीवर गॅड्स हिल नावाचे एक घर दिसे. खूप कष्ट केलेस तर एखादे दिवशी या घरात राहशील, असे वडील त्याला सांगत.

१८२२ मध्ये कुटुंब लंडनला आले आणि दिवस फिरले. कर्ज वाढत गेले. चार्ल्सची शाळा सुटली ती सुटलीच. थोरली बहीण फॅनी संगीताच्या विद्यालयात शिकत होती आणि दहा-अकरा वर्षांचा हुशार भाऊ मात्र घरी वडिलांचे बूट पुसत, धाकट्या भावंडांना सांभाळत बसला होता. घरातली चीजवस्तू एकेक करून सावकाराकडे जाऊ लागली. त्याची लाडकी पुस्तकेही गेली, आणि ती विकायला त्यालाच जावे लागले. आईने शाळा काढण्याचा घाट घातला, दारावर पाटी लावली. पण एकही विद्यार्थी आला नाही.

अशा वेळी नात्यातल्या एका माणसाने एक तोड सुचवली. लंडनच्या स्ट्रँड रस्त्याजवळ, थेम्स नदीच्या काठी बुटांचे काळे पॉलिश तयार करण्याची एक वखार होती. तेथे चार्ल्सला ठेवावे. आठवड्याला सहा-सात शिलिंग मिळतील. आई-वडील लगेच कबूल झाले. बारावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा चार्ल्स कामाला लागला. इमारत पडकी, जिने कुजलेले आणि तळघरात उंदरांचा सुळसुळाट. पॉलिशच्या बरणीवर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद घालायचा, दोऱ्याने बांधायचा, कडा कातरून नीट करायच्या आणि वर लेबल चिकटवायचे. दिवसभर हेच काम.

पंधरा दिवसही झाले नसतील, तोच चाळीस पौंडांच्या कर्जापायी वडिलांना अटक झाली. त्यांची रवानगी मार्शलसी या कर्जदारांच्या तुरुंगात झाली. काही आठवड्यांनी आई आणि धाकटी भावंडेही तेथेच राहायला गेली, कारण तशी मुभा त्या काळी होती. चार्ल्स मात्र बाहेर एकटाच राहू लागला. परक्या घरी भाड्याच्या जागेत झोपायचे, आठवड्याच्या मजुरीच्या सहा पुड्या बांधून एकेका दिवशी एकेक पुडी सोडायची. तरी कधी कधी सकाळीच भूक अनावर होई. दुकानाच्या दारात निम्म्या किमतीत ठेवलेला शिळा खाऊ दिसे, आणि मग दुपारच्या जेवणाचे पैसे तेथेच संपत.

वखारीत बॉब फॅगिन नावाचा एक थोडा मोठा मुलगा होता. दोऱ्याची गाठ कशी मारायची, हे त्यानेच चार्ल्सला शिकवले. एके दिवशी चार्ल्सच्या कुशीत जबरदस्त कळ आली. बॉबने त्याला गवतावर निजवले आणि रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याची कूस शेकली. संध्याकाळी तो त्याला घरापर्यंत पोचवायला निघाला. आता घर म्हणजे कोणते? वडील तुरुंगात आहेत, हे कसे सांगायचे? पुलाजवळच्या एका अनोळखी घरापुढे चार्ल्स थांबला, हेच आपले घर असे सांगून त्याने बॉबचा निरोप घेतला आणि बॉब मागे वळून पाहील म्हणून दारही ठोठावले. दार उघडणाऱ्या बाईला त्याने बॉब फॅगिन येथेच राहतो काय, असे विचारले. पुढे ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये मुलांना चोऱ्या शिकवणाऱ्या दुष्ट म्हाताऱ्याला त्याने नाव दिले ते फॅगिन! ज्याने माया केली, त्याचेच नाव खलपुरुषाला का द्यावे? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, बॉबच्या मायेचा अर्थ हाच होता की चार्ल्स आता त्या वखारीतलाच एक झाला, आणि त्याच गोष्टीची त्याला सर्वांत जास्त भीती वाटत होती.

मे १८२४ मध्ये वडील सुटले, पण चार्ल्सचे काम काही लगेच सुटले नाही. फॅनीला विद्यालयात बक्षीस मिळाले. तो समारंभ पाहताना त्याला हुंदका आवरेना. वखार दुसऱ्या जागी हलली. तेथे उजेडासाठी त्याला खिडकीत बसवत, आणि रस्त्यावरची माणसे थांबून त्याच्या हातांची चपळाई पाहत. अखेर वडिलांचे त्या नातेवाइकाशी भांडण झाले आणि त्यांनी मुलाला घरी आणले. आईने मात्र मिटवामिटव करून त्याला परत कामावर धाडण्याची खटपट केली. वडिलांनी ते ऐकले नाही; त्यांनी त्याला शाळेत घातले. आपल्याला परत पाठवायला आई तयार होती, ही गोष्ट डिकन्स मरेपर्यंत विसरला नाही.

त्यानंतर त्या घरात या विषयावर एक शब्दही निघाला नाही. आई-वडील बोलले नाहीत, आणि तोही बोलला नाही. तेथे एकंदर किती महिने गेले, हे पुढे त्याला स्वतःलाही धड सांगता येईना.

बाकीचे आयुष्य जगाला ठाऊक आहे. वकिलाच्या कचेरीत कारकून, मग वार्ताहर आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी साऱ्या इंग्लंडचा आवडता लेखक! दहा मुले, अमाप पैसा. आणि लहानपणी पाहिलेले ते गॅड्स हिलचे घरही त्याने १८५६ मध्ये विकत घेतले. वरवर पाहता जखम भरून आली होती. पण खरोखरच भरली होती काय?

वखारीची जुनी इमारत उभी होती तोवर त्या बाजूला जाण्याचे धैर्य त्याला कधी झाले नाही. स्ट्रँड रस्त्यावरून जाताना बुचांना लावायच्या लुकणाचा वास येई, म्हणून तो समोरच्या बाजूने जाई. स्वतःचे मूल बोलू लागले, तरी जुन्या वाटेने घरी येताना त्याचे डोळे भरून येत. त्याला रात्री झोप लागत नसे. मग तो लंडनच्या रस्त्यांवर पहाटेपर्यंत पायपीट करी. १८५७ मध्ये तर एका रात्री तो लंडनहून गॅड्स हिलपर्यंत तीस मैल चालत गेला. घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागे आणि मुलांच्या खोल्यांची तो रोज तपासणी करी. कितीही मिळवले तरी पैसा पुरेल असा भरवसा त्याला वाटत नसे. १८५८ मध्ये बावीस वर्षांचा संसार मोडून त्याने पत्नीला वेगळे केले, आणि त्यात त्याची वागणूक निष्ठुर होती. थोर माणसाचे चरित्र लिहिताना हे झाकून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. लहानपणी ज्याला दुःख झाले, तो इतरांना दुःख देणारच नाही, असे नसते.

शेवटच्या वर्षांत तो गावोगावी आपल्या कादंबऱ्यांचे जाहीर वाचन करू लागला. १८६५ मध्ये तो आगगाडीच्या भीषण अपघातातून वाचला होता. त्यानंतर गाडीत बसले की त्याचा थरकाप होई. पाय सुजत होता, डॉक्टर नको म्हणत होते. तरीही १८६९ पासून ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग तो हट्टाने वाचू लागला. वाचन झाले की नाडी शंभराच्या पुढे जाई आणि त्याला आतल्या खोलीत आडवे पडावे लागे. ९ जून १८७० रोजी मेंदूच्या आघाताने तो गेला. वय अवघे अठ्ठावन्न!

त्याच्या मृत्यूचे कारण त्या वखारीत शोधणे हे धाडसाचे होईल. अतिश्रम आणि हट्टी स्वभाव हीही कारणे होतीच. पण वैद्यकशास्त्र आज जे सांगते, ते वाचून मी थक्क झालो. १९९८ मध्ये अमेरिकेत डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी साडेनऊ हजार प्रौढ माणसांच्या बालपणाच्या चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारहाण, अत्याचार, अपमान, घरातले व्यसन, घरातल्या कोणाला झालेला तुरुंगवास असे आघात त्यांनी मोजले. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन आणि नैराश्य यांचा धोका एकही आघात वाट्याला न आलेल्यांच्या चौपटीहून अधिक आढळला. हृदयविकार आणि फुप्फुसाचे जुनाट आजारही आघातांच्या संख्येबरोबर वाढलेले दिसले. सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात संकटाच्या वेळचे स्राव पुन्हा पुन्हा पाझरत राहतात. संकट टळले तरी शरीर सावधच राहते, आणि त्याची झीज पुढे दिसते. अर्थात हा हजारो माणसांचा हिशेब आहे. एकेका माणसाचे नशीब त्यावरून ठरत नाही. वेळेवर मायेचे, भरवशाचे एक माणूस मिळाले तरी पुष्कळ फरक पडतो.

डिकन्सने आपले गुपित कागदावर उतरवले ते पस्तिशीच्या सुमारास, आणि ते कागद जॉन फॉर्स्टर या जिवलग मित्राच्या हवाली केले. त्यानंतर दोनेक वर्षांत ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ जन्माला आली. पण स्वतःच्या मुलांना हे कळले ते त्याच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. ज्या माणसाने साऱ्या जगाच्या अनाथ पोरांची कहाणी सांगितली, त्याला आपली कहाणी आपल्या घरात सांगता आली नाही!

आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळतो. मी सातवीत असताना वडील उसाच्या ट्रॉलीवरून पडले आणि आठ महिने अंथरुणाला खिळले. आईने मला तालुक्याच्या स्टँडसमोरच्या एका हॉटेलात कपबशा धुवायला ठेवले. पाच महिने मी तेथे होतो. वर्गशिक्षिका बाई तीनदा घरी आल्या, तेव्हा माझी शाळा पुन्हा सुरू झाली. भिजलेल्या चहाच्या चोथ्याचा वास आला की आजही माझ्या पोटात कालवते. मी मित्रांबरोबर कँटीनमध्ये येत नाही. कोणी मला चिक्कू म्हणतात, कोणी शिष्ट. खरे कारण हे आहे.

डिकन्सने आईला क्षमा केली नाही. तो भाग वाचला त्या रात्री मला झोप आली नाही, कारण माझ्याही मनात तेच होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा धीर करून मी आईजवळ हा विषय काढला. आई बराच वेळ चुलीत फुंकर घालत राहिली. मग तिने सांगितले की, त्या पाच महिन्यांत कामावरून येताना ती रोज वाट वाकडी करून हॉटेलासमोरून जात असे. मी दिसलो की मग घरी येत असे. आत येण्याची तिला लाज वाटे. मला हे ठाऊकच नव्हते.

पोटातले कालवणे अजून गेलेले नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पाच महिन्यांचे नाव निघू लागले आहे. आपल्या वर्गात, आपल्या बाकावर असे न बोलणारे आणखी कितीतरी जण असतील. प्राध्यापक सर-मॅडमना आणि मित्रांना माझी एवढीच विनंती आहे की, कोणी कँटीनला येत नसेल, तर त्याला चिक्कू म्हणण्यापूर्वी एकदा शेजारी बसून विचारावे. डिकन्सला असा एक फॉर्स्टर भेटला. पण त्याच्यापाशी मन मोकळे करायला पस्तिशी उजाडावी लागली.