भाभा आणि भुईमूग

नाटे, माडबन, जैतापूर या पट्ट्यात ‘अणू’ म्हटले की वीजप्रकल्प आठवतो आणि पाठोपाठ किरणोत्साराची भीती. पण याच किरणांच्या मदतीने भुईमुगाचे ठेंगणे, भरपूर शेंगांचे वाण तयार झाले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ते काम जिथे झाले, ती संस्था डॉ. होमी भाभा यांनी उभी केली.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी घरात झाला. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र गणित आणि भौतिकशास्त्राकडे. शेवटी तडजोड झाली. इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवायचा, मग हवे ते शिकायचे. १९३० मध्ये केंब्रिजला भाभांनी तो मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर मायदेशी आले आणि महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाल्याने ते बंगळूरला विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि १९५४ मध्ये ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा केंद्र. १९५६ मध्ये तिथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली.

ट्रॉम्बेला केवळ भट्ट्या नव्हत्या. वैद्यक आणि शेतीसाठी किरणांचा उपयोग कसा करता येईल, याचाही अभ्यास तिथे होत असे. बियाण्यावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले की पेशीतील गुणसूत्रांत बदल होतात. यातले बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक असतात. हजारो रोपांतून एखादे चांगले रोप हाती लागते आणि त्याची निवड पिढ्यान् पिढ्या करावी लागते. क्ष-किरण तपासणीनंतर रुग्ण जसा किरणोत्सारी होत नाही, तसेच हे बियाणेही होत नाही. त्यातून आलेला दाणा इतर दाण्यांसारखाच खाण्याजोगा असतो. मात्र अनावश्यक किरण माणसाच्या पेशींनाही अपाय करू शकतात. म्हणूनच गर्भवतीने क्ष-किरण तपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगायलाच हवे.

भाभांना या कामाचे पीक पाहता आले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून ५६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव मिळाले. १९७३ मध्ये तिथला ‘टीजी-१’ हा भुईमूग शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर तयार केलेला बुटका ‘टीएजी-२४’ १९९१ मध्ये आला. त्याचे झाड लहान असल्याने अन्न पाल्याखोडात कमी आणि शेंगांत जास्त जाते. शिवाय पीकही लवकर तयार होते. कोकणाचे नाव लावणारा ‘टीकेजी-१९ए’ हा टपोऱ्या दाण्यांचा वाणही याच घराण्यातला.

भुईमुगाच्या दाण्यात जवळपास निम्मे तेल आणि सुमारे पाव भाग प्रथिने असतात. ज्या घरात मटण-मासळी रोज परवडत नाही, तिथे मूठभर शेंगदाण्यांचे मोल मोठे आहे. भाभांचे नाव अणुभट्टीशी जोडलेले आहेच. पण त्यांच्या कामाचा एक वाटा अशा ताटांतही पोचला आहे.