सूर्याचा हिशेब मांडणारा गणिती

बिलोलीचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे त्याला ऊन म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडू लागतात आणि दुपारी तर चहासुद्धा नकोसा होतो. माझ्या धाकट्या चुलतभावाचे शेत मांजरा नदीच्या अंगाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने बोअरवर सौरपंप बसवला. त्या निळ्या-काळ्या पाट्या उभ्या राहिल्या त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो होतो. मोटार सुरू झाली, पाइपातून पाणी पडू लागले आणि मला एकदम दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. भावाला हे नाव ठाऊक नव्हते. असण्याचे काही कारणही नव्हते. आयुष्यभर तो रात्री दोनला येणाऱ्या लाइटची वाट पाहत, बॅटरी घेऊन, साप-विंचवातून बांधावर गेलेला माणूस. त्याच्या दृष्टीने मोटार दिवसा चालली हेच पुष्कळ होते.

कोसंबी मला प्रथम भेटले ते इतिहासकार म्हणून. नांदेडला कॉलेजात असताना ग्रंथालयात त्यांचे प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे पुस्तक हाती लागले. मी गणिताचा विद्यार्थी, पुढे गणिताचाच शिक्षक झालो. हा इतिहासकार मुळात गणिती होता हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो बालिश होता, पण टिकला. त्यांनी ऊर्जेविषयी काय मांडले होते आणि त्याचे काय झाले, हे मात्र मला फार उशिरा कळले.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे बौद्ध विद्येचे थोर पंडित. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे हिंडलेले. हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले, तेव्हा १९१८ साली अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. १९२९ साली तो हार्वर्डमधून उच्च श्रेणीत पदवीधर झाला. परत आल्यावर बनारस, अलीगढ आणि मग १९३२-३३ च्या सुमारास पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असा प्रवास झाला. फर्ग्युसनमध्ये त्यांच्या वडिलांनीही पूर्वी पाली शिकवली होती. विद्यार्थ्यांना त्यांचे शिकवणे जड जाई. शिक्षक म्हणून ते कितपत लोकप्रिय होते हा प्रश्न मी, एक शिक्षक म्हणून, जरा दबकतच विचारतो.

त्यांच्या कामाचा पसारा थक्क करणारा. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रासाठी एक सूत्र मांडले, ते आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. पण मला सर्वांत भावते ते त्यांचे नाण्यांचे काम. तक्षशिलेला सापडलेली जुनी आहत नाणी त्यांनी तराजूत घातली. कल्पना साधी होती. नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते. जितके जास्त फिरले तितके वजन कमी. म्हणजे वजनांच्या मांडणीवरून नाण्यांचा क्रम लावता येईल. हे खरे की खोटे हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही वजन करून पाहिली. राजांच्या वंशावळ्या घोकणाऱ्यांच्या काळात हा माणूस झीज मोजत बसला होता. वापरलेली प्रत्येक गोष्ट थोडी कमी होते आणि ती किती कमी झाली हे तपासता येते, ही त्यांची दृष्टी. पुढे ऊर्जेचा प्रश्न समोर आला तेव्हाही त्यांनी तराजूच बाहेर काढला, असे मला वाटते.

१९४५ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले. कोसंबींनी पुणे सोडले नाही. ‘दख्खनची राणी’ने ते मुंबईला जात-येत आणि गाडीत वाचन-लेखन करीत. १९४८-४९ साली ते इंग्लंड-अमेरिकेला गेले, प्रिन्स्टनला राहिले. पुढच्या काळात ते जागतिक शांतता चळवळीत ओढले गेले आणि अण्वस्त्रांच्या विरोधात बोलू लागले. ज्या संस्थेत ते बसत होते तीच तेव्हा देशाच्या अणुकार्यक्रमाचे पाळणाघर होती. हा पेच त्यांच्या आयुष्याच्या मध्यावर येऊन उभा राहिला.

ते दिवस कसे होते हे आज समजून घ्यायला हवे. १९५५ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अध्यक्षपदावरून भाभांनी भाकीत केले होते की वीसेक वर्षांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल आणि मग इंधनाची चिंता कायमची मिटेल. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. नव्या स्वतंत्र देशाला याचा केवढा अभिमान होता! भाभा काही भोंदू नव्हते, ते पहिल्या प्रतीचे शास्त्रज्ञ होते. ऊर्जेला मर्यादा असते ही गोष्ट त्या वेळी कोणालाच ऐकायची नव्हती, आणि ती न ऐकण्यासाठी विज्ञानाचाच आधार मिळत होता.

कोसंबींनी नेमके तेथेच बोट ठेवले. १९५७ पासून त्यांनी सूर्य की अणू हा प्रश्न लेखांतून मांडला आणि जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये त्यावर सविस्तर भाषण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. अणुवीज स्वस्त दिसते, कारण तिचा खरा खर्च सरकारी तिजोरी गिळते आणि किरणोत्सारी कचऱ्याचा खर्च कोणी धरतच नाही. आपल्या देशात वर्षातले बहुतेक महिने लख्ख ऊन असते. ते गावोगाव आपोआप पोचते, त्यासाठी शेकडो मैल तारा ओढाव्या लागत नाहीत. श्रीमंत थंड देशांना त्याची गरज नाही, म्हणून ते त्यावर संशोधन करणार नाहीत. ते आपणच केले पाहिजे. शेणाच्या गोवऱ्या आणि लाकूडफाटा चुलीत जातो तेव्हा जमिनीचे खत आणि डोंगरावरची झाडे जातात, हेही ते त्याच हिशेबात धरत.

ते म्हणतील ते सगळे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. सौरघट अमेरिकेत १९५४ साली तयार झाला होता, पण त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. आपल्याकडे त्याच दशकात सूर्यचूल निघाली आणि फसली. गृहिणींनी ती घेतली नाही, आणि ‘सूर्यावर स्वयंपाक’ हा थट्टेचा विषय झाला. व्यवहारी माणसांनी कोसंबींकडे दुर्लक्ष केले त्याला हेही कारण होते. शिवाय समाजवादी देशांवर त्यांचा जरा जास्तच विश्वास होता. चीनविषयी ते आपुलकीने लिहीत आणि त्या चीनने १९६४ साली अणुबाँबच फोडला.

हवामान तापते आहे हेही त्यांचे म्हणणे नव्हते. कोळसा जाळून हवेतला कर्बवायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ सालीच गणित करून दाखवले होते. हवाई बेटावर कीलिंगने १९५८ साली तो वायू रोज मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर आहे. पुण्यात कोसंबी सूर्यावर बोलत होते तेव्हा ती मोजणी सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. आकडे होते. ते पाहण्याची निकड कुणाला वाटत नव्हती.

१९६२ साली टाटा संस्थेने कोसंबींची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. याला केवळ अणुविरोध कारणीभूत होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. गणितातल्या एका अतिशय अवघड, शतकभर न सुटलेल्या प्रश्नाची सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी एका भलत्याच नियतकालिकात केला होता आणि तो टिकला नाही. त्यांचे इतिहासातले लक्ष, हजेरी, तिखट जीभ, सगळेच अंगाशी आले. माणूस चुकला की त्याचे बरोबर असलेलेही फेकून देता येते, आणि तसेच झाले. दोन वर्षांनी, १९६४ साली, त्यांना पुण्यात मानद शास्त्रज्ञ म्हणून जागा मिळाली. तोवर उमेदीचे दिवस सरले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आल्प्स पर्वतात विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनला कोसंबी पुण्यात झोपेतच गेले. वय अठ्ठावन्न.

आज देशाच्या विजेत अणुवीज तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सौरविजेची क्षमता २०२५ च्या सुरुवातीला एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. मग कोसंबी जिंकले म्हणायचे का? मी तसे म्हणणार होतो. पण मराठवाड्यात राहणाऱ्याला इतके सोपे बोलता येत नाही.

२०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, कारण पाणी नव्हते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणजे पाण्यावाचून वीज थांबली आणि पाणी आणायला पुन्हा इंधन लागले. तरीही लातूरकडचा ऊस काही थांबला नाही. आमच्या मांजरेवर वरच्या अंगाला निजामसागर आहे, १९३१ साली पुरा झालेला. त्यात दरसाल ५३० एकर-फूट गाळ येईल असे धरले होते. मोजला तेव्हा तो ८,७२५ निघाला, सोळापटीहून अधिक. तो गाळ म्हणजे वरच्या रानांची माती, त्यात आमच्या मराठवाड्याचीही. माती गेली हे बांधावर उभ्या माणसाला दिसत नव्हते असे नाही. पण ती मोजायची म्हटले की पीकपाणी, कर्ज, लेकीचे लग्न, सगळ्याचाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो कोण मांडतो? नदीची वाळू ट्रकने जाते तेही आम्ही रोज बघतो.

गेल्या मे महिन्यात पुन्हा शेतावर गेलो. ऊन उतू जात होते, पाट्या तळपत होत्या आणि मोटार बंद होती. सौरपंप आला तेव्हापासून विजेचे बिल नाही, रात्रीची वाट नाही, म्हणून भाऊ सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपसा करीत होता. शेजारच्या तिघांनीही तसेच केले. आता बोअर तासाभरात गुळण्या टाकते आणि दोन तास थांबावे लागते. मी त्याला विचारले, रोज किती पाणी निघते हे कधी मोजलेस का? तो हसला. दादा, पाणी काय मोजायचे, ऊन तर फुकट आहे, असे म्हणाला आणि आणखी दोनशे फूट खाली जायला किती खर्च येईल ते सांगू लागला. बोअर पाडणारी गाडी सोमवारी यायची होती.