जेऊरचे ग्रहण आणि प्रा. नायगमवाला



सोलापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी कुर्डुवाडीच्या पुढे गेली की केम आणि त्यानंतर जेऊर हे स्टेशन लागते. करमाळा तालुक्यातले हे साधे गाव आपल्यापैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. पण २२ जानेवारी १८९८ रोजी जगातील नामवंत खगोलशास्त्रज्ञ याच जेऊरमध्ये तळ ठोकून बसले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या दिवशी दुपारी तेथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडी ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आली होती. तिच्याबरोबरीने आपल्या मुलखातील एक प्राध्यापकही आपली उपकरणे मांडून उभे होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा, एका पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८७८ मध्ये पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हे विषय घेऊन ते एम.ए. झाले आणि सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. पुढे त्याच कॉलेजात ते शिकवू लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितकीच भर घातली. या पैशांतून प्रकाशाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढायची, असा बेत होता. १८८४ मध्ये नायगमवाला उपकरणे पाहण्यासाठी इंग्लंडला गेले. तेथील शास्त्रज्ञांशी बोलून त्यांनी हा बेत वाढवला. साध्या प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारायचे ठरले.

१८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली. हेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली तिची २० इंच व्यासाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

आता तुम्ही विचाराल, नऊ कोटी मैलांवरच्या सूर्याचा अभ्यास खोलीत बसून कसा करायचा? त्याचे उत्तर सोपे आहे. बर्नरच्या ज्योतीत मिठाची चिमूट टाका. ज्योत एकदम पिवळी होते. तो रंग मिठातील सोडियमचा. काचेच्या लोलकातून पाहिले तर प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात ठराविक रंगांच्या ठराविक रेषा दिसतात. जणू माणसाच्या बोटांचे ठसेच. प्रयोगशाळेतल्या रेषा सूर्याच्या रेषांशी ताडून पाहिल्या की तेथे काय जळते, काय चमकते, ते कळते. नायगमवाला यांनी आयुष्यभर हीच विद्या केली. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशाची रेषा तपासून त्यांनी नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचा दावा खोडून काढणारे निरीक्षण लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गोऱ्या साहेबाच्या राज्यात पुण्याच्या एका देशी प्राध्यापकाने असे करणे ही लहान गोष्ट नव्हती.

हेच लॉकियर १८९८ च्या ग्रहणासाठी कोकणात विजयदुर्गला आले होते. १८६८ च्या ग्रहणात त्यांनी तेथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. ते खरे नव्हे. १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्येच होते.

तो काळ मोठ्या कठीण प्रसंगाचा होता. नुकताच १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने सोसला होता. पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली होती. अशा दिवसांत वेधशाळेची नाजूक यंत्रे रेल्वेने जेऊरला आणून, चुकता न येणाऱ्या दोन मिनिटांची तयारी करायची होती. खग्रास अवस्था जेमतेम दोनच मिनिटे टिकणार होती. त्यातही चंद्राने सूर्यबिंब झाकताक्षणी सूर्याभोवतीचा लालसर पातळ थर काही सेकंदच दिसतो. त्या थराच्या रेषा टिपणे हे नायगमवाला यांचे मुख्य उद्दिष्ट. आकाश निरभ्र राहिले, दुपारी अंधारले आणि काम फत्ते झाले. त्याच अमावस्येनंतरच्या चाँदाने रमजान महिना सुरू झाला. या निरीक्षणांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रहणात सूर्याभोवती मोत्यासारखे शुभ्र प्रभामंडल दिसते. त्याच्या प्रकाशात एक हिरवी रेषा १८६९ मध्येच सापडली होती. पृथ्वीवरच्या कोणत्याही द्रव्याशी ती जुळेना. म्हणून शास्त्रज्ञांनी एक नवेच मूलद्रव्य कल्पिले. नायगमवाला १९३८ मध्ये वारले, तेव्हाही हे कोडे सुटलेले नव्हते. पुढच्या पाच वर्षांत ते सुटले. जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी प्रयोगशाळेतील विजेच्या ठिणगीत तापवलेल्या धातूंच्या रेषांवरून हिशेब मांडला. ती रेषा आपल्या साध्या लोखंडाचीच निघाली! मात्र त्या लोखंडाच्या अणूतील २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन निघून गेलेले होते. यासाठी दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांच्याच आसपास आहे. चुलीपासून दूर जावे तसे अधिक भाजावे, असा हा प्रकार. इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. प्रभामंडल इतके का तापते, याचे पूर्ण उत्तर अजूनही मिळालेले नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने सोडलेले आदित्य-एल१ हे यान तीच हिरवी रेषा टिपण्याचे साधन बरोबर घेऊन गेले आहे.

वाचकहो, या चरित्रातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग शेवटी आहे. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण आणि इतर उपकरणे दक्षिणेत कोडाईकॅनॉलच्या सरकारी वेधशाळेकडे गेली. विद्वत्ता होती, साधने होती, देणगीही मिळाली होती. पण सारा डोलारा एकाच माणसाच्या खांद्यावर उभा होता. याउलट कोडाईकॅनॉलला एकामागून एक माणसे येत गेली आणि तेथील सूर्यनिरीक्षणाने शंभर वर्षे ओलांडली.

म्हणून पालकांना नम्र विनंती, की मुलगा वा मुलगी विज्ञानात रमत असेल तर पदवीपाशी त्यांचे शिक्षण तोडू नका. एम.एस्सी., पीएच.डी. आणि त्यानंतरही काही वर्षे एखाद्या प्रयोगशाळेत उमेदवारी केल्यावरच संशोधक तयार होतो. प्लाझ्मावर संशोधन करणारी मोठी संस्था आज गांधीनगरला आहे. आदित्यवरील ते साधन बंगळूरच्या संस्थेने घडवले. तेथे पोचणारी वाट आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतूनच सुरू होते. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही जे शिकाल ते मागच्या वर्गातल्या एकाला तरी शिकवा. नायगमवाला यांची वेधशाळा मिटली, तशी विद्या आपल्यापाशीच मिटू देऊ नका.